अण्णांच्या पानावर काय लिहायचं

उस्मानपुरा
रविवार, १४ सप्टेंबर २०२५

चि. मेघाला आईचा जयभीम.

पाकीट बघून कपाळाला आठ्या घालू नकोस. फोन घरात असताना ही बाई पत्र कशाला लिहिते, असं तुला वाटणार. तर ऐक. घर आपलं दोन खोल्यांचं, अण्णांचा पलंग पुढच्या खोलीत, आणि त्यांचे कान अजून लई तिखट. मला जे सांगायचंय ते त्यांच्यादेखत सांगायचं नाही. शिवाय जुलैपासून तू माझा फोन उचलत नाहीस. पत्र फाडायचं म्हटलं तरी आधी हातात घ्यावं लागतं.

हे पत्र राजू पोचवंल. माझा भाचा म्हणून कौतुक करत नाही, पण पोरगं आता वेरूळचा नावाजलेला गाईड झालंय. स्पॅनिश पाहुणे आले की पहिलं बोलावणं त्याला. पाहुण्यांना विमानतळावर सोडताना एखादी समजूतदार दिसणारी बाई बघायची, तिच्या हातात पाकीट द्यायचं आणि 'घरी पोचलात की टपालात टाका' म्हणायचं, ही त्याची रीत. आजवर एकही पाकीट हरवलं नाही म्हणतो. तुम्ही दोघं मिळून ही भाषा शिकलात. त्याला तिनं पोट दिलं, तुला नवरा दिला. मला काय दिलं ते अजून कळायचंय.

तुझा निरोप त्याच्या मोबाइलवर ऐकला. अमायाच्या वर्गात झाड करायचंय. घरातल्या प्रत्येक माणसाचं एक पान, आणि तो माणूस कसा आहे ते पानावर एका शब्दात. पोरीनं विचारलं, तुझे बाबा कसे आहेत? तू पटकन इंग्रजीत सांगून टाकलंस, क्वाएट. आता बाई म्हणतात, स्पॅनिशमध्ये लिहून आण. आणि तिकडं म्हणे एका क्वाएटला पाच-सहा शब्द आहेत, त्यातला कोणता घ्यायचा ते आईला विचार, संसार तिनं केलाय.

अगं, स्पॅनिश तुला येतं का मला? तूच का लिहीत नाहीस, असं राजूला विचारलं तर आधी आढेवेढे घेतले त्यानं. मग म्हणाला, "आत्या, तिच्या मनात एक शब्द हाय. सेको. पण तो ती पोरीच्या हातानं लिहून घेणार नाय." सेको म्हणजे कोरडा. ज्याच्यात ओल नाही असा.

मला राग आला. खरं सांगते, लई राग आला. पण तो शब्द तू लेकीपासून लपवलास, तेवढ्यावर मी गप बसले. माझ्या पानावर तिनं आपल्या मनानं 'लांबची' लिहिलंय म्हणाला राजू. लिहू दे. पोरगी सात वर्षांची झाली आणि माझ्या मांडीवर एकदा बसली नाही, तिनं दुसरं काय लिहावं?

मग शिलाई मशीनजवळ बसकण मारून राजूनं मला एकेक शब्द सोडवून सांगितला. त्रांकिलो म्हणजे शांत, ज्याच्या जिवाला घोर नाही असा. मी म्हटलं, ज्या माणसानं जन्मभर कन्नड डेपोच्या एसटीत कंडक्टरकी केली, 'पुढं सरका, पुढं सरका' करत घसा फोडला, तो कसला त्रांकिलो! सिलेन्सिओसो म्हणजे आवाज न करणारा. तो पंख्याला, गाडीला जास्त शोभतो. रेसेर्वादो म्हणजे मनातलं मनात ठेवणारा, पण तो जरा कोटबूट घातलेल्या माणसाचा शब्द वाटतो म्हणे. आणि कायादो म्हणजे गप्प, तोंड मिटून असणारा. अमायानं पहिल्यांदा आपणच 'किएतो' लिहिलं होतं, क्वाएटसारखं दिसतं म्हणून. बाईंनी खोडलं. त्याचा अर्थ न हलणारा, एका जागी पडून असणारा. ते ऐकल्यावर मी उठले आणि चहाचं आधण ठेवायला आत गेले.

अण्णा बरे आहेत. हल्ली पलंगावरच जास्त असतात, वय झालं. दरवर्षी आषाढ पौर्णिमेपासून अश्विन पौर्णिमेपर्यंत विहारात रोज संध्याकाळी ग्रंथ वाचायचा मान त्यांचा, तुला माहीतच आहे. यंदा त्यांच्या जागी सांडू भाऊजी बसतात. ठेचकाळत वाचतात बिचारे, पण वाचतात.

डिसेंबरचं तू म्हणालीस ते माझ्या ध्यानात आहे. पहिला शब्द अण्णांचा हवा, ते आधी बोलतील तरच तिकिटं काढायची, नाहीतर अमाया तिचं आजोळ कधी बघणार नाही. एवढी घाई करू नकोस बाई. जावईबापूंना, हाविएरला, माझा जयभीम सांग.

तुझी
आई

*

मंगळवार, २३ सप्टेंबर २०२५

मेघा,

तुझं उत्तर काल राजूनं ऐकवलं. "कायादोच लिहिते, आई. बोलता येतं आणि बोलत नाहीत. साऱ्या गल्लीला वाचून दाखवलं त्यांनी, मला घरात कधी चार शब्द नाहीत. जुलैत मी माझा हट्ट सोडून फोन केला. त्यांचा श्वास ऐकू येत होता. तरी एक शब्द काढला नाही. डिसेंबर विसरून जा." आवाज अगदी साधा होता तुझा. रडली असतीस तर मला बरं वाटलं असतं.

त्यांना बोलता येत नाही, मेघा.

जूनमध्ये, सकाळी दाढी करताना, हातातला ब्रश खाली पडला आणि त्यामागून ते. उजवी बाजू गेली. घाटी दवाखान्यात नेलं. जीव वाचला, पाय थोडा परत आला, हात नाही, आणि वाचा गेली. समजतं सगळं. पेपर पुढ्यात धरला की डोळे ओळीवरून फिरतात. पण पाणी हवं असलं तरी पाणी म्हणता येत नाही. तांब्याकडं बोट करतात. आधी लई चिडायचे, आता चिडत नाहीत, त्याचंच मला जास्त वाईट वाटतं.

शुद्धीवर आल्यावर त्यांनी पहिली खूण केली ती तुझ्याबद्दल. डावा हात कानाशी नेला, फोन धरल्यासारखा, आणि मान हलवली. मेघाला सांगायचं नाही. मी म्हटलं, असं कसं? तर माझं मनगट धरलं आणि मी हो म्हणेपर्यंत सोडलं नाही. बाप आजारी पडला म्हणून धावत आलेली लेक त्यांना नको असंल. हे आपलं माझं वाटणं. विचारलं तर ते मान हलवत नाहीत, हो नाही आणि नाही पण नाही.

आणि जुलैत तू "अण्णांना दे" म्हणालीस. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. वाटलं, पोरीचा आवाज ऐकून आतून काहीतरी निघंल, म्हणून मी मोबाइल त्यांच्या कानाला लावला. मेघा, त्यांनी तोंड उघडलं. जीभ हलत होती. मानेच्या शिरा ताणल्या होत्या. कपाळावर घाम आला होता. तुला ऐकू आला तो श्वास तसला होता. तू ठेवून दिलास. त्यांनी मोबाइल कानावरून काढू दिला नाही, मी दोनदा ओढला, दोनदा घट्ट धरला.

आता तू विचारशील, धडधाकट असते तर बोलले असते का? ठाऊक नाही. उगाच गोड कशाला सांगू. तू तिकडं लग्न करून मग फोन केलास तेव्हा 'बरं' एवढंच म्हणून त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि परत कधी घेतला नाही, ते मी झाकत नाही. माणूस गोरा का काळा, त्याचं त्यांना काही नव्हतं. मला विचारलं नाही, एवढं एकच त्यांच्या मनात रुतून बसलं. तूही त्यांचीच लेक, तूही मागं फिरली नाहीस. पण जुलैत ते बोलायला बसले होते, हे मी या डोळ्यांनी बघितलंय. तेवढं तुला कळायलाच पाहिजे.

कायादो लिहू नकोस. गप्प राहणं आपल्या हातात असतं. हे त्यांच्या हातात नाही.

मी शब्द मोडलाय. आज रात्री जेवण झालं की त्यांना सांगणार.

आई

*

शुक्रवार, ३ ऑक्टोबर २०२५

चि. मेघा,

हे पत्र पाहुण्यांच्या हाती दिलं तर वेळेत पोचणार नाही, म्हणून राजू पानापानाचे फोटो काढून पाठवतोय. अक्षर गचाळ आहे. त्याला इलाज नाही.

तू मला फसवी म्हणालीस. म्हण. मला तोंड आहे, मी उलटून बोलू शकते, पण बोलणार नाही. अण्णांनीही दुसऱ्या दिवशी जेवायचं ताट सरकवून दिलं आणि भिंतीकडं तोंड केलं. चार दिवस माझ्याकडं बघितलं नाही. एका बाजूनं लेक, एका बाजूनं नवरा, आणि मधी मी ब्लाऊजला हातशिलाई करत बसलेली. भरून आलं की मशीन जोरात चालवायचे.

शेवटी गोजरबाई आली. तिला तू ओळखतेस, विहारात पहिल्या रांगेत बसणारी, कुणाचं ऐकून न घेणारी. दारातूनच म्हणाली, "कडुबा दाजी, वाचा गेली म्हणून माणूस गेला का काय? आषाढापासून विहारात दिसला नाय. उठा." अण्णांनी मान हलवली. ती म्हणाली, "मान हलवता येती ना, मग चला." दोन पोरं बोलावली, खुर्चीसकट उचललं आणि नेलं. मी मागनं चप्पल हातात घेऊन पळत.

मागं भिंतीशी खुर्ची ठेवली. लोक बघत होते आणि बघत नसल्यासारखं करत होते. अण्णांनी खाली मान घातली होती. मला वाटलं, उगाच आणलं, माणसाची शोभा केली. मग सांडू भाऊजींनी मेणबत्ती लावली, सगळ्यांनी हात जोडले आणि त्रिशरण सुरू झालं.

आणि मेघा, माझ्या उजव्या अंगानं आवाज आला. मी आधी वळूनच बघितलं नाही, वाटलं शेजारी दुसरं कुणी उभं असंल. तोच एसटीतला आवाज. खर्जातला, सगळ्यांच्या वर जाणारा. एक अक्षर तुटत नव्हतं. त्रिशरण झालं, पंचशील झालं, अण्णा म्हणतच होते, डावा हात छातीशी धरून. सांडू भाऊजी मधीच थांबले, तर अण्णांनी एकट्यानं पुढची ओळ म्हटली आणि लोकांना ओढत नेलं. गोजरबाई तोंडाला पदर लावून रडत होती. मी रडले नाही. मी त्यांच्या ओठांकडं बघत होते.

घरी आल्यावर मी पाण्याचा तांब्या पाठीमागं लपवला आणि म्हटलं, काय पाहिजे बोला. तोंड उघडलं. काही नाही. पुन्हा बोट.

दवाखान्यात विचारलं. डॉक्टर म्हणाले, असं होतं काही जणांचं. नवीन बोलणं जमत नाही, पण लहानपणापासून जे पाठ आहे, सगळ्यांबरोबर म्हटलेलं आहे, ते डोक्यात वेगळीकडं राहतं. सुरुवात दुसऱ्या कुणी करून दिली की निघतं. एकट्यानं सुरू करायला गेलं की नाही निघत. चार महिन्यांत हे मला सुचलं नाही. आम्ही घरी वंदना त्यांच्यासमोर मनातल्या मनात करायचो, त्यांना वाईट वाटू नये म्हणून! म्हणजे जे त्यांना येत होतं तेवढंच नेमकं आम्ही त्यांच्यापासून झाकून ठेवलं.

काल राजूनं त्यांच्या पलंगावर बसून सगळे शब्द वाचून दाखवले. मी सांगितलं होतं, ज्याचं पान त्यालाच विचार. त्रांकिलो, नाही. रेसेर्वादो, नाही. कायादोला तर डोळेच मिटून घेतले. राजू म्हणाला, "अण्णा, मग काय लिहू सांगा," आणि लगेच जीभ चावली. अमायाचं झाड भिंतीवर लागलं आणि एक पान कोरं आहे, हे तू सांगितलंस ते मी त्यांना सांगितलंय. ते पान कोरंच राहू दे अजून थोडे दिवस.

सोमवारी अश्विन पौर्णिमा. वर्षावासाचा समारोप, खीरदान. संध्याकाळी सातला वंदना सुरू होईल, तुमच्याकडं दुपारचे साडेतीन वाजतील, अमाया शाळेतून आलेली असंल. राजू फोन लावणार आहे. एवढा उचल. बोलू नकोस त्यांच्याशी, प्रश्न विचारू नकोस, 'कसे आहात' सुद्धा नको. सगळे म्हणायला लागले की तूही म्हण. तुला येतं. त्यांनीच शिकवलंय.

आई

*

बुधवार, ८ ऑक्टोबर २०२५

चि. मेघा आणि माझी अमाया, दोघींना जयभीम.

तिकडून तुला फक्त ऐकू आलं. व्हिडिओ अडकत होता म्हणून राजूनं नुसता फोन लावला. इकडं काय झालं ते लिहिते, म्हणजे तुझ्याजवळ राहील.

विहार भरलं होतं. बाहेर खिरीचं पातेलं, पोरांचा कालवा. अण्णांना मी पांढरा सदरा घातला, एक बाही घालायलाच लई वेळ गेला. मोबाइल त्यांच्या मांडीवर ठेवला. घंटी वाजत होती तेव्हा त्यांनी माझ्याकडं बघितलं ते मी सांगू शकत नाही. उचललास.

सांडू भाऊजींनी सुरू केलं, सगळ्यांचे आवाज उठले, आणि अण्णांचा त्या सगळ्यांच्या वर. तुझा आवाज आधी नव्हताच. मी मनात म्हटलं, ठेवला हिनं. मग दुसऱ्या ओळीला बारीकसा आला. पंचशीलाला तू अडखळलीस, विसरलीस मधी. तुला दिसलं नाही, पण अण्णांनी डाव्या हातानं मोबाइलवर हळूहळू थापटलं, आणि ते थांबले. विहारात सगळे पुढं गेले, अण्णा तुझ्यासाठी मागं थांबले. तुला आठवलं, तू सुरू केलंस, तेव्हा त्यांनी तुझ्याबरोबर सुरू केलं. शेवटची ओळ तुम्हा दोघांचीच उरली होती. लोकांचं झालं तरी तुमचं चाललं होतं.

मग तू "अण्णा" म्हणालीस. बोलू नकोस म्हटलं होतं मी. त्यांनी तोंड उघडलं. तेच. तीच जीभ, त्याच शिरा, तोच श्वास. माझं सगळं लक्ष मोबाइलच्या उजेडाकडं, आता विझणार, आता विझणार. विझला नाही. तू तशीच धरून होतीस. अण्णांचा श्वास हळूहळू खाली आला. मग तिकडून तुझा ऐकू आला. कुणाला घाई नव्हती. बाहेर खीर वाढायची थांबली होती.

तेवढ्यात अमायाचा आवाज आला, जोरात, रागावल्यासारखा. राजू एकदम हसला आणि डोळे पुसायला लागला. मी म्हटलं, अरे सांग की! म्हणाला, "आत्या, ती आईला म्हणते, तू खोटं सांगितलंस. हे कुठं क्वाएट हायेत? सगळ्यांत मोठा आवाज तर यांचाच. मी पानावर रुइदोसो लिहिणार." रुइदोसो म्हणजे काय, ते सांगायला तो लाजत होता. गोंगाट करणारा, म्हणाला शेवटी, दंगा घालणारा.

अण्णांनी त्याच्याकडं बघितलं. मग डावा हात वर केला आणि खुर्चीच्या हातावर हाणला, एकदा, परत एकदा, मान जोरजोरात हलवत. व्हय, व्हय, हेच. गोजरबाई म्हणाली, "बघा, शाळेत नाव घातलं नातीनं." सारं विहार हसलं. अण्णांचा अर्धाच चेहरा हसतो आता. मी तो अर्धा चेहरा हसताना जूनपासून पहिल्यांदा बघितला.

तेव्हा तेच लिहा. बाईंनी खोडलं तर सांगा, ज्याचं पान आहे त्यानं हो म्हटलंय.

तिकिटं काढलीस, हे राजूनं सकाळी येऊन सांगितलं. मी अण्णांना सांगितलं. त्यांनी तांब्याकडं बोट केलं, मी पाणी दिलं, ते प्यायले आणि बराच वेळ दाराकडं बघत राहिले.

एक गोष्ट आत्ताच सांगून ठेवते, मग इथं येऊन मन मोडून घेऊ नकोस. डिसेंबरपर्यंत त्यांना काही बोलता येईल असं डॉक्टर म्हणत नाहीत. तुझं नाव सुद्धा नाही. तू दारात उभी राहशील आणि ते तुझ्याकडं बघतील, तोंड उघडतील, आणि काही निघणार नाही. पहिला शब्द त्यांचा हवा, हा तुझा हट्ट होता. तो तिकडंच सोडून ये. सामान मी उचलीन, चहा नंतर होईल. पलंगाजवळ बस, अमायाला शेजारी घे, हात जोड आणि सुरुवात तू कर. त्यांना एकट्याला जमत नाही.

तुझी
आई